डबा निवडण्याआधी : प्रस्तावना

ठाण्यापासून डोंबिवली-कल्याणपर्यंत आज जिम नाही अशी वस्ती शोधावी लागेल. तिथे नाव घातलेला तरुण महिन्याभरात ट्रेनरला हमखास विचारतो, ‘सर, प्रोटीनची कुठली पावडर घेऊ?’ सत्तरीच्या आजीही हाच प्रश्न आपल्या डॉक्टरांना विचारतात, कारण जिना चढताना पाय साथ देत नाहीत. हे पुस्तक दोघांसाठी आहे. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर आहारशास्त्र, रसायनशास्त्र आणि अन्नकायदा यांच्या सीमेवर सापडते. तिथवर जायला पदवी लागत नाही. शाळेतली टक्केवारी आली की पुरते.

मराठी वाचकाला हे शास्त्र परके नाही. १९३३ साली बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत सर सी. व्ही. रामन यांनी कमला भागवत यांना मुलगी म्हणून आधी प्रवेश नाकारला. त्या मागे हटल्या नाहीत. याच पुढे कमला सोहोनी झाल्या. त्या संस्थेत त्यांनी दूध आणि कडधान्यांतल्या प्रथिनांवर काम केले, १९३९ साली केंब्रिजची डॉक्टरेट मिळवली आणि पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत विद्यार्थ्यांसह कडधान्यांच्या पोषणमूल्याचा अभ्यास केला. आज दुकानात व्हे आणि वाटाणा प्रथिनाचे डबे शेजारी-शेजारी दिसतात. त्यांचा उगमही दुधात आणि कडधान्यातच आहे.

पहिला प्रश्न गरजेचा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढाला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने हवीत. म्हणजे ६५ किलोच्या पुरुषाला ५४ ग्रॅम. चार पोळ्या, एक वेळचा भात, दोन वाट्या घट्ट वरण, एक वाटी मुगाची उसळ आणि अर्धा लिटर दूध किंवा दही एवढ्यात हा आकडा जवळपास गाठला जातो. पण सकाळची लोकल गाठायची म्हणून चहा-बिस्किटावर निघायचे आणि रात्री पातळ वरणावर भागवायचे, असे चालले तर तो गाठणे अवघड. वजने उचलून स्नायू वाढवणाऱ्यांना किलोमागे १.६ ग्रॅमपर्यंत फायदा दिसतो. त्यापुढे सहसा फारसा नाही. पासष्टीपुढच्यांसाठी अनेक तज्ज्ञ १ ते १.२ ग्रॅम सुचवतात. गरज आणि ताट यांतली तूट किती, हे आधी काढावे. ती अंडी, सोयाबीनच्या वड्या, फुटाणे किंवा सुक्या बोंबलांनी भरून निघत असेल, तर डब्याची गरजच उरत नाही. याच संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शिकेत शरीर कमावण्यासाठी अशा पावडरी टाळण्याचा सल्ला दिला आहे, तो गांभीर्याने घ्यायला हवा. मूत्रपिंडाचा आजार असेल त्यांनी तर डॉक्टरांना विचारल्यावाचून डबा उघडूच नये.

तूट उरलीच, तर दुसरा प्रश्न : डब्यात काय आहे? चीज करताना दुधाचा घट्ट भाग वेगळा झाल्यावर जे पाणी उरते, त्यातून व्हे मिळते. त्याच्या कॉन्सन्ट्रेटमध्ये प्रथिने साधारण ८० टक्क्यांपर्यंत असतात, आयसोलेटमध्ये ९० च्या आसपास. आयसोलेटमध्ये दुधातली साखर नगण्य उरते, म्हणून दूध न पचणाऱ्यांना ते सोसते. वजन वाढवण्यासाठी विकल्या जाणाऱ्या मास गेनरमध्ये मात्र बहुतांश पिष्टमय पदार्थच असतात.

या पुस्तकाचा सर्वांत मोठा भाग तिसऱ्या प्रश्नाला दिला आहे : लेबलावरचा आकडा येतो कुठून? १८८३ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत योहान केल्डाल यांनी नायट्रोजन मोजण्याची पद्धत बसवली. प्रथिनांत साधारण १६ टक्के नायट्रोजन असतो, म्हणून मिळालेल्या आकड्याला ६.२५ ने गुणायचे, की प्रथिनांचा अंदाज मिळतो. पद्धत उत्तम, पण नायट्रोजन प्रथिनातला की दुसऱ्या कशातला, हे तिला कळत नाही. ग्लायसिनसारखे स्वस्त अमिनो आम्ल मिसळले, तरी आकडा फुगतो. २००८ साली चीनमध्ये दुधात मेलामाइन मिसळणाऱ्यांनी हीच फट वापरली आणि हजारो तान्ही मुले आजारी पडली. भारतातल्या ३६ उत्पादनांची तपासणी २०२४ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा सुमारे ७० टक्के डब्यांवरची प्रथिनांची माहिती चुकीची आढळली.

म्हणून लेबल वाचायला शिकावे. ३४ ग्रॅमच्या स्कूपमध्ये २४ ग्रॅम प्रथिने, म्हणजे ७० टक्के. ७५ ग्रॅमच्या स्कूपमध्ये १५, म्हणजे अवघे २०. डब्याची किंमत त्यातल्या एकूण प्रथिनांच्या ग्रॅमांनी भागली, की खरा भाव समजतो. घटकांच्या यादीत ग्लायसिन किंवा टॉरिन वेगळे लिहिलेले आहे का, एफएसएसएआयचा १४ अंकी परवाना क्रमांक आहे का, त्या बॅचचा स्वतंत्र प्रयोगशाळेचा अहवाल मिळतो का, हेही पाहावे. शंका आली तर तक्रार करायला लांब जावे लागत नाही. अन्न व औषध प्रशासनाचे कार्यालय ठाण्यातच आहे.

पुढची प्रकरणे याच क्रमाने जातात : गरज, ताट, डबा, मोजमाप, कायदा. वाचकाने आपले वजन आणि कालचे जेवण कागदावर मांडून पहिल्या प्रकरणात यावे. तो हिशेब पुरा झाल्यावर ‘कुठली पावडर?’ या प्रश्नाचे उत्तर त्याचे त्यालाच देता येईल, आणि अनेकांच्या बाबतीत ते ‘कुठलीच नाही’ असे येईल.