इंजिन बांधणं: फियाट पद्मिनीची गोष्ट

आजचा विषय ग्रीसने माखलेला आहे: गाडीचं इंजिन घरीच खोलून पुन्हा बांधणं. मी कारंजा घाडगेचा, नागपूर-अमरावती हायवेवरचं गाव. गाड्यांच्या गप्पा आमच्याकडे नेहमीच्याच. पण आजची गोष्ट सुरू होते मुंबईत.

वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात फियाटच्या परवान्यावर गाड्या बनू लागल्या. त्यातली ११०० पुढे १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. ते दिवस लायसन्स राजचे. नवी गाडी बुक केली की वर्षानुवर्षं थांबा! म्हणून आहे तीच टिकवणं भाग होतं.

इंजिन साधं होतं: १०८९ सीसी, चार सिलिंडर, बिडाचा ब्लॉक, वर ॲल्युमिनियमचं हेड. निळा धूर निघाला, ऑइल कमी होऊ लागलं, की समजायचं रिंगा गेल्या. मग हेड उतरवा, पिस्टन काढा. रिंगा, बेअरिंग बदलणं, वॉल्व्ह घासणं, सगळं अंगणात जमायचं.

एक काम मात्र घरी होत नाही: बोअरिंग. पिस्टन घासून घासून सिलिंडर थोडा अंडाकृती होतो. तो मशीनवर जरा मोठा, पण पुन्हा गोल करून घ्यायचा आणि त्यात ओव्हरसाइज पिस्टन बसवायचे. इंजिनिअर म्हणून मला हे फार आवडतं. झीज होणारच, हे धरूनच ब्लॉकच्या भिंती जाड ठेवलेल्या. म्हणजे तोच ब्लॉक पुन्हा कामाला!

मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली. टॅक्सीला वयाची मर्यादा २० वर्षं, म्हणून ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रस्त्यावरून उतरली. इंजिन संपलं म्हणून नाही, तारीख आली म्हणून. जुन्या गाड्या हवा जास्त खराब करतात, हेही खरंच. नियम उगाच आलेला नाही.

पण एक गोष्ट विसरू नका. दुरुस्त करता येणं हे डिझाइन करतानाच ठरतं. आजच्या काही ॲल्युमिनियम ब्लॉकमध्ये बोअरिंगला जागाच नसते, अख्खा ब्लॉक बदलावा लागतो. तुमच्या हातातल्या फोनची बॅटरीही बहुधा गोंदाने चिकटवलेली आहे. तेव्हा पुढची गाडी किंवा फोन घेताना मायलेज आणि कॅमेऱ्यासोबत हेही विचारा: हे खोलता येतं का? पार्ट मिळतात का?

तुमच्या घरी कोणी इंजिन बांधलंय? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवू. भेटूच!