दगडात कोरलेला बायोडेटा

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात येणाऱ्या बहुतेकांचे डोळे विमानाच्या शिखरावर खिळतात. प्राकाराच्या नैर्ऋत्य बाजूला जाऊन तिथली भिंत वाचणारे थोडेच. या भिंतीवर देवनागरी अक्षरांत एक भलामोठा मराठी शिलालेख आहे. भोवतीच्या सगळ्या लिखाणात तमिळ आणि ग्रंथ लिपीचे राज्य असताना मध्येच आपली ओळखीची वळणे दिसली, की महाराष्ट्रातून आलेला माणूस थबकतो. दोनचार ओळी वाचतो, फोटो काढतो आणि पुढे जातो. त्याला दोष देता येत नाही, कारण लेख संपता संपत नाही. मराठीतला हा सर्वांत मोठा शिलालेख. १३ डिसेंबर १८०३ ही त्याची तारीख. मजकूर सरफोजी राजांच्या आज्ञेवरून त्यांचे चिटणीस बाबूराव यांनी सिद्ध केला. विषय एकच: भोसले कुळाची हकीकत, पुराणकाळापासून मालोजी, शहाजी, व्यंकोजी असे टप्पे घेत खुद्द सरफोजींपर्यंत.

इतिहासकार या लेखाकडे साधन म्हणून पाहतात आणि त्यातल्या जुन्या काळाच्या तपशिलांबद्दल सावध राहायला सांगतात. मी भाषांतरकार आहे, माझ्याकडे येणाऱ्या कागदांत बायोडेट्यांचा वाटा मोठा असतो, त्यामुळे मला तो वेगळा दिसतो. मी कोण, कुणाचा, कुठून आलो आणि या जागेवर बसायला लायक का, एवढेच ही भिंत सांगते. परदेशी विद्यापीठाला अर्ज करणाऱ्या मुलांना हल्ली सांगतात की एक पान पुरे, दोन म्हणजे अति. सरफोजींनी भिंत घेतली. आणि गंमत (खरे तर गंमत नव्हेच) अशी, की जागा त्यांना पाच वर्षांपूर्वीच मिळालेली होती आणि जागेचे काम चार वर्षांपूर्वीच काढून घेतलेले होते. ऑक्टोबर १७९९च्या तहाने कंपनीने तंजावरचा सगळा कारभार आपल्याकडे घेतला. राजांकडे उरले किल्ल्यातले आणि आसपासचे अधिकार, वर्षाला १ लाख स्टार पॅगोडा आणि निव्वळ वसुलाचा पाचवा हिस्सा. ‘सध्याचे काम’ या रकान्यात लिहिण्यासारखे फारसे राहिले नाही, तेव्हा माणूस ‘घराणे’ हा रकाना वाढवतो.

कागदाच्या या प्रकाराची नावे प्रत्येक भाषेत वेगळी आहेत आणि ती नुसती नावे नाहीत. करिक्युलम व्हिटे हे लॅटिन, म्हणजे आयुष्याची धाव. रेझ्युमे फ्रेंच, म्हणजे सारांश. जर्मनमध्ये लेबेन्सलाउफ, पुन्हा आयुष्याची धाव. आपण मराठीत बायोडेटा म्हणतो आणि तोच शब्द नोकरीच्या अर्जाला आणि लग्नाच्या स्थळालाही वापरतो. गोत्र, कुलदैवत, मूळ गाव, मामांचे आडनाव, मग शिक्षण आणि पगार. या जातीतल्या कागदाशी त्या भिंतीचे नाते अधिक जवळचे आहे. रेझ्युमेचा आद्यपुरुष म्हणून लिओनार्दोच्या मिलानच्या सत्ताधीशाला लिहिलेल्या पत्राचे नाव नेहमी घेतले जाते. त्यात तो पूल, तोफा आणि वेढे फोडण्याच्या युक्त्या मोजून सांगतो आणि चित्रकलेचे अगदी शेवटी, जाता जाता. वाचणाऱ्याला काय हवे ते त्याला कळले होते. सरफोजींच्या भिंतीचा वाचणारा कोण, हे मात्र कोडेच आहे. कंपनीच्या साहेबाला मराठी शिलालेख वाचायची गरज नव्हती आणि देवळात येणाऱ्या बहुसंख्य रयतेची भाषा तमिळ होती.

याच देवळात कामावर ठेवलेल्या माणसांची नोंद आठशे वर्षे आधीच कोरलेली होती. राजराज चोळाच्या अखेरच्या वर्षांतल्या, म्हणजे १०१४च्या सुमाराच्या एका तमिळ लेखात मंदिराच्या सेवेत आणलेल्या ४०० स्त्रियांची यादी आहे. नर्तकी म्हणून त्यांचा उल्लेख होतो. प्रत्येकीचे नाव, ती तिरुवैयारू, तिरुवारूर अशा कुठल्या गावच्या देवळातून आली, आणि इथे तिला कुठल्या रांगेतले कितवे घर दिले, हे सगळे त्यात आहे. प्रत्येकीला एक वाटा, म्हणजे वर्षाला १०० कलम भात. त्याच लेखात वादक, शिवणकाम करणारे, हिशेबनीस अशा इतर नोकरांचेही वाटे आहेत. नाव, आधीचे ठिकाण, सध्याचा पत्ता, वेतन. आजच्या कुठल्याही आस्थापना विभागाला शोभेल अशी नोंद.

या यादीतला एक नियम मी पहिल्यांदा वाचला तेव्हा पुन्हा पुन्हा वाचला. कुणी वारले किंवा गाव सोडून गेले, तर जवळच्या नातलगाने वाटा घ्यावा आणि काम करावे. नातलग त्या कामाला लायक नसेल, तर त्याने लायक माणूस निवडून त्याच्याकडून काम करवून घ्यावे. आणि जवळचे नातलगच नसतील, तर त्या कामातल्या इतरांनी मिळून लायक माणूस निवडावा. वंश आधी, हे खरेच. पण वंश पुरत नाही अशी शक्यता धरून तिची सोय दगडात करून ठेवली आहे. नर्तकी आणि हिशेबनीस यांच्यासाठी केलेली ही सोय सिंहासनासाठी मात्र कुणी केलेली नव्हती.

सरफोजींच्या बाबतीत तर नेमका वंशच वादात होता. १७८७मध्ये तुळजाजी राजे आजारी असताना त्यांनी भोसले घराण्याच्या दुसऱ्या शाखेतला हा दहाएक वर्षांचा मुलगा दत्तक घेतला आणि थोड्याच दिवसांत ते वारले. त्यांचे सावत्र भाऊ अमरसिंह यांनी गादीवर हक्क सांगितला. मद्रास सरकारने पंडितांचे मत घेतले. दत्तकविधान टिकत नाही असा निर्वाळा आला. राजाची प्रकृती आणि बुद्धी ठिकाणावर नव्हती, मुलगा बापाचा एकुलता, शिवाय त्याचे वय जास्त, अशा हरकती होत्या. अमरसिंह गादीवर बसले. पुढे बंगाल आणि काशीकडच्या पंडितांची मते मागवली गेली आणि ती मुलाच्या बाजूने पडली. मधल्या काळात मुलगा तोच होता, त्याचे आईबाप तेच होते. फक्त शास्त्राचा अर्थ लावणारी माणसे बदलली आणि अमरसिंहांच्या कारभाराबद्दल कंपनीचे मत बिघडत गेले.

त्या अकरा वर्षांत सरफोजींचा बायोडेटा दुसऱ्याच माणसाने लिहिला. क्रिस्टियान फ्रीडरिश श्वार्ट्झ हा हालेत शिकलेला जर्मन मिशनरी १७५०मध्ये डॅनिश तरंगंबाडीत उतरला. तो तमिळ, फारसी, मराठी शिकला, हैदर अलीकडे कंपनीचा दूत म्हणून गेला आणि शेवटी तंजावरात स्थिरावला. तुळजाजींनी मुलाला त्याच्या भरवशावर सोडले होते. अमरसिंहांच्या राज्यात मुलाला अडकवून ठेवले आहे, शिक्षण मिळत नाही, हे तो सरकारला लिहीत राहिला. १७९३मध्ये सरफोजी आणि तुळजाजींच्या विधवा राण्यांना मद्रासला हलवण्यात आले. तिथे गेरिके या दुसऱ्या मिशनऱ्याने मुलाला शिकवले. श्वार्ट्झच्या पत्रांचा रोख शास्त्राइतकाच मुलाच्या वागणुकीवर आणि अभ्यासावर असे. गोत्राच्या प्रश्नाला त्याने गुणपत्रिकेने उत्तर दिले, असे म्हटले तर फार चुकणार नाही.

हे त्याच्या परंपरेतच होते. हालेच्या धर्मपंथाचा गुरू फ्रान्के याने आपल्या परिवर्तनाची हकीकत ‘लेबेन्सलाउफ’ या नावानेच लिहिली आहे, आणि मोरेव्हियन पंथात तर प्रत्येकाने आपला लेबेन्सलाउफ लिहून ठेवायचा आणि तो अंत्यविधीला वाचायचा अशी चाल होती. मी कुणाचा मुलगा यापेक्षा माझ्यात काय बदल झाला, हे सांगणारे ते लिखाण. हाच शब्द आज जर्मनीत नोकरीच्या अर्जाला जोडतात. तंजावरच्या गादीच्या वादात हे दोन प्रकारचे कागद, वंशावळ आणि लेबेन्सलाउफ, समोरासमोर आले असे मला वाटते. श्वार्ट्झ फेब्रुवारी १७९८मध्ये वारला. जूनअखेर सरफोजी गादीवर बसले. त्यांनी इंग्लंडमधल्या जॉन फ्लॅक्समनकडून त्याचे संगमरवरी स्मारक करवून घेतले. त्यात श्वार्ट्झ मृत्युशय्येवर आहे आणि तरुण राजा त्याचा हात धरून उभा आहे. तंजावरच्या श्वार्ट्झ चर्चमध्ये ते आजही पाहता येते. शिफारसपत्र देणाऱ्याचे आभार इतक्या थाटात मानल्याचे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही.

मग पाच वर्षांनी भिंतीवर पुन्हा वंशच का कोरला? कारण हरकत वंशावर घेतली होती. जिथे घाव बसतो तिथेच माणूस जास्त लिहितो. नापास झालेल्या वर्षाचे स्पष्टीकरण देण्यात अर्धे पान घालवणारी मुले मी पाहते. त्यांना मी ते खोडायला सांगते, पण ते का लिहिले जाते हे कळते.

सरफोजींचा उरलेला बायोडेटा पुन्हा इतरांच्याच हातचा आहे. १८२६मध्ये बिशप हेबर तंजावरला आले आणि राजांना भेटून भारावले. आपल्या पत्रात त्यांनी लिहिले, की हा राजा लॅव्हाझिए, लिनीअस, ब्यूफाँ यांचे दाखले सहज देतो, शेक्सपिअरबद्दल त्याचे मत जाणकाराचे आहे, शिवाय घोड्यांची पारख आणि वाघावरची नेमबाजी यांत इंग्रज अधिकारीही त्याला मानतात. शिक्षण, वाचन, छंद, सगळे रकाने भरले. सरस्वती महालातल्या युरोपीय पुस्तकांवर राजांची सही आहे. भिंतीवर यातले काही नाही.

तंजावर मराठ्यांची खरी अर्ज करणारी पिढी पुढची. दप्तर, वसूल, हिशेब यांत मुरलेली देशस्थ घराणी दक्षिणेत कंपनीच्या कचेऱ्यांत आणि संस्थानांत पसरली. टी. माधवराव त्यांतले सर्वांत नावाजलेले. जन्म १८२८, कुंभकोणम. वडील रंगराव आणि चुलते व्यंकटराव दोघेही त्रावणकोरचे दिवाण, म्हणजे भिंतीवर कोरण्याजोगे घराणे होतेच. पण माधवरावांनी मद्रासच्या हायस्कुलात पॉवेल यांच्या हाताखाली गणित आणि विज्ञान शिकून १८४६मध्ये ‘प्रोफिशंट’ ही पदवी मिळवली, अकाउंटंट जनरलच्या कचेरीत नोकरी केली आणि १८४९मध्ये त्रावणकोरच्या राजपुत्रांचे शिक्षक झाले. तिशीच्या आसपास दिवाण. मग इंदूर, मग १८७५पासून बडोदे. प्रत्येक जागा आधीच्या जागेच्या कामावर मिळाली. आजचा कुठलाही सल्लागार ‘असा लिहा’ म्हणून दाखवील तो हा नमुना. त्यांच्यामागे मात्र हजारो कारकून होते, ज्यांच्याकडे फक्त साहेबाची चिठ्ठी असे. ही ‘चिठ्ठी’ इंग्रजीत जाऊन ‘चिट’ झाली. पुढच्या काळात ‘नापास बी.ए.’ हीसुद्धा पात्रता म्हणून नावापुढे लावली गेली. लोक त्याला हसतात. मला त्यात हसण्यासारखे वाटत नाही. बी.ए.पर्यंत पोचलो होतो, हे खरे होते आणि उपयोगाचे होते.

आणि एक अर्ज असा, जो कुणी वाचलाच नाही. सरफोजींचे चिरंजीव शिवाजी ऑक्टोबर १८५५मध्ये पुरुष वारस न ठेवता वारले. कंपनीने राज्य संपल्याचे जाहीर केले आणि राजवाड्यातली खाजगी मालमत्ताही ताब्यात घेतली. थोरल्या राणी कामाक्षीबाई मद्रासच्या सुप्रीम कोर्टात गेल्या आणि जिंकल्या. १८५९मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो निकाल फिरवला. हे राज्यकृत्य आहे, न्यायालयाला त्यात शिरण्याचा अधिकार नाही, असे ठरले. म्हणजे वंश खोटा ठरला नाही, पुरावा तोकडा ठरला नाही. कागद उघडण्याचीच गरज उरली नाही. सरफोजींच्या वेळी निदान पंडितांना विचारले गेले होते.

आता तंजावरात मराठी बोलणारी घरे आहेत, ती बोली तमिळ-तेलुगूच्या संगतीत निराळीच झाली आहे. पुष्कळ घरांत ती फक्त बोलतात. लिहायची वेळ आली तर तमिळ लिपीत. राजांच्या काळची मोडी दप्तरे तमिळ विद्यापीठाने तमिळमध्ये आणवली, ती मूळ वाचणारे हात मोजके. अशाच एका घरातली मुलगी मागच्या वर्षी पुण्यातल्या भाषाशास्त्राच्या अभ्यासक्रमाला अर्ज करत होती. भाषांचा तक्ता भरताना ती अडली. प्रत्येक भाषेपुढे वाचणे, लिहिणे, बोलणे अशी तीन खूणघरे होती. तमिळ आणि इंग्रजीला तिन्ही भरली. मराठीसमोर फक्त ‘बोलणे’.

“अक्का, हे बरं दिसत नाही. मराठी काढूनच टाकू का?” तिने विचारले.

मी म्हटले, काढू नकोस, वाढव. तक्त्याखाली तिने मग एक ओळ लिहिली: घरची भाषा तंजावर मराठी, घरात पिढ्यान्‌पिढ्या बोलली जाते, आजीची पत्रे तमिळ लिपीत, अशी बारा पत्रे मी देवनागरीत उतरवायला घेतली आहेत. बारा हा आकडा तिने मोजून घातला. देवनागरी ती त्या पत्रांपायीच शिकत होती, म्हणून ‘वाचणे’ या घरात तिने खूण केली नाही आणि पुढे लिहिले, ‘शिकत आहे’.