तेस्कोकोचे पाणी, चापिंगोची माती

‘मेक्सिको’ हे नाव तिघांचे आहे : एका देशाचे, त्याच्या राजधानीचे आणि एका राज्याचे. पहिली दोन सर्वांच्या परिचयाची. तिसऱ्याकडे सहसा कोणी वळत नाही. वास्तविक १८२४ साली हे राज्य घडले तेव्हा मेक्सिको शहर त्याच्याच पोटात होते. त्याच वर्षी संघसरकारने ते राजधानीसाठी काढून घेतले. पुढे १८४९ साली गेरेरो आणि १८६९ साली इदाल्गो व मोरेलोस ही राज्येही त्याच्याच अंगातून कोरली गेली. आज त्याची राजधानी तोलुका असून, २०२० च्या शिरगणतीप्रमाणे सुमारे १ कोटी ७० लाख वस्तीचे हे राज्य लोकसंख्येत देशातील सर्वांत मोठे आहे.

प्रवासी येथे येतात ते बहुधा तेओतिवाकान पाहण्यासाठी. इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत येथे लाखभर वस्तीचे नगर नांदत होते. तेथील सूर्यपिरॅमिडची उंची सुमारे ६५ मीटर आहे. ‘देव जेथे झाले ते स्थान’ अशा अर्थाचे आजचे नाव मात्र त्या नगराने स्वतः घेतलेले नव्हे. ते ओसाड पडल्यावर कित्येक शतकांनी आलेल्या नावात्लभाषिकांनी ते दिले.

परंतु या राज्याच्या इतिहासाचे मर्म आम्हांस दिसते ते पिरॅमिडात नव्हे, तेस्कोकोच्या पाण्यात. नेसावलकोयोत्ल, म्हणजे ‘उपवासी कोल्हा’, हा तेथील राजा (१४०२–१४७२). किशोरवयातच बाप शत्रूच्या हाती मारला गेला आणि राजपुत्र रानोमाळ भटकला. पुढे राज्य परत मिळवून त्याने १४२८ च्या सुमारास तेनोच्तितलान व त्लाकोपान यांच्याशी प्रसिद्ध त्रिराज्यसंघ केला. कवी आणि न्यायनिष्ठ राजा म्हणून त्याची ख्याती आहेच. पण तो जाणता स्थापत्यविशारदही होता. १४४९ च्या महापुरानंतर तेनोच्तितलानच्या रक्षणासाठी सुमारे १६ किलोमीटर लांबीचा बंधारा सरोवरात बांधला गेला. त्यामागची बुद्धी त्याची. बंधाऱ्याने पूर आवरला आणि पूर्वेचे खारे पाणी शहराकडील गोड्या पाण्यापासून वेगळे ठेवले. तेस्कोत्सिंगो टेकडीवर खडकात खोदलेली त्याची स्नानगृहे व पाटाच्या खुणा आजही पाहता येतात.

१५२१ साली कोर्तेसने राजधानीला वेढा घालण्यासाठी तेरा नौका याच तेस्कोकोहून सरोवरात सोडल्या. लढाईत बंधाऱ्यास भगदाडे पडली. नव्या सत्तेला सरोवराशी जुळवून घेण्यापेक्षा ते उपसून टाकणे सोपे वाटले. १६०७ साली पाणी बाहेर काढण्यासाठी डोंगर फोडण्यास आरंभ झाला. तरीही १६२९ च्या पुरात मेक्सिको शहर सुमारे पाच वर्षे जलमय राहिले. अखेर १९०० साली मोठा कालवा पुरा झाला. मागे उरला खारट, धुळीचा माळ. जमिनीखालचे पाणी उपसल्याने शेजारचे महानगर आजही खचत आहे. या तळावर आरंभिलेला प्रचंड विमानतळ २०१८ च्या सार्वमतानंतर रद्द झाला आणि २०२२ साली तो भाग संरक्षित क्षेत्र म्हणून जाहीर झाला. पाणी हाकलण्यास तीन शतके लागली. थोडेसे परत आणण्यास किती लागतील?

याच तेस्कोकोजवळ चापिंगो आहे. जुन्या जमीनदारी वाड्यात क्रांतीनंतर राष्ट्रीय कृषिविद्यालय आले. माणसाचे नव्हे, जमिनीचे दोहन शिकवावे, हे त्याचे ब्रीद. तेथील जुन्या प्रार्थनागृहात डिएगो रिव्हेराने १९२०–३० च्या दशकात मातीची व शेतकऱ्यांच्या मुक्तीची भित्तिचित्रे रंगविली. आणि याच विद्यालयात आपले पांडुरंग सदाशिव खानखोजे अध्यापक होते. गदर चळवळीतील हा वऱ्हाड-नागपूरकडचा क्रांतिकारक, स्वदेशाची दारे बंद झाल्यामुळे, १९२४ साली मेक्सिकोत पोहोचला. तेथे त्यांनी मक्यावर व गव्हावर संशोधन केले आणि गरीब शेतकऱ्यांसाठी मुक्त कृषिशाळा चालविल्या. मेक्सिको शहरातील शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर रिव्हेराने भाकरी वाटणारा यजमान रेखाटला आहे. तो चेहरा खानखोज्यांचाच मानतात. १९६७ साली ते नागपुरात निवर्तले. चापिंगोत त्यांचा पुतळा उभा राहिला तो २०२२ साली.

परमुलखात चाकरीसाठी वस्ती करणाऱ्या आपणांस हा धडा मोलाचा वाटावा. कोर्तेसही तेथे परकाच होता आणि खानखोजेही परकेच. एकाने तेथले पाणी जिंकण्याचे साधन केले. दुसऱ्याने तेथल्या माणसांचे कणीस भरदार व्हावे म्हणून तेथली माती पारखली. सरोवर आटले, पण तेथल्या शेतकऱ्यांच्या शाळेने या दूरच्या माणसाचे नाव टाकून दिले नाही.