उदगीरचा डाव

चतुरंग हा शब्द मूळचा सैन्याचा. खेळास तो मागाहून मिळाला. लातूरपासून फार दूर नसलेल्या कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें बाराव्या शतकांत ‘मानसोल्लास’ रचला, त्यांत राजांच्या विनोदांत या खेळाचेंही वर्णन आहे. त्याच मुलुखांत सहाशें वर्षांनीं एक मोहीम घडली. बुद्धिबळाचा डाव पाहावा तशी ती चालीचालीनें पाहिली, तर अप्रस्तुत होऊं नये.

पट प्रथम पाहूं. नांदेडकडील कंधार, लातुरांतील उदगीर आणि औसा, पलीकडे बीडचें धारूर. अशीं हीं भुईकोट व डोंगरी किल्ल्यांचीं घरें. एका बाजूस निजाम सलाबतजंग आणि त्याचा महत्त्वाकांक्षी भाऊ निजामअली. दुसऱ्या बाजूस सदाशिवरावभाऊ. निजामाचा खरा वजीर, फ्रेंच सरदार बुसी, १७५८ सालींच पटावरून उठला होता. त्याच्या तालमींत तयार झालेला इब्राहिमखान गारदी निजामअलीची चाकरी सोडून पेशव्यांकडे आला. बुद्धिबळांत मारलेलें मोहरें पेटींत जातें. येथें प्रतिपक्षाचें जिवंत मोहरें तोफांची विद्या घेऊन आपल्या घरांत आलें!

पहिली चाल नोव्हेंबर १७५९ मधील. अहमदनगरचा किल्ला किल्लेदारास फितवून पेशव्यांनीं घेतला. हींत शौर्य नव्हतें, पण निजामाच्या पश्चिमेकडील आधाराचें घर गेलें. पुढें निजामाची फौज बिदरकडून उदगीरास आली. धारूरला तिची दुसरी तुकडी होती. तिला जाऊन मिळणें हाच तिचा हेतु. सारा प्रश्न या एका वाटेचा होता.

मोगली फौजेची रीत ठरलेली. भोंवतीं तोफा, आंत बुणगे, सामान आणि सरदार. असा चौकोन बांधून ती सरकत असे. चौकोन उभा असेतों त्यास फोडणें कठीण. परंतु त्यास रोज वैरण लागते, धान्य लागतें, पाणी लागतें, आणि हीं सर्व चौकोनाच्या बाहेर असतात. भाऊनें नेमकें हेंच ओळखलें. मराठी घोडा चहूंकडून घिरट्या घालूं लागला, रसद तुटली, आणि गारद्याच्या तोफा दुरून मारा करूं लागल्या. उदगीर ते औसा हें अंतर सुमारें वीस कोसांचें. तें चालतां चालतां ती फौज झिजत गेली. घोड्यानें नुसतें कोंडावें व हत्तीनें सरळ रेषेंत मारावें, असा हा जोडडाव होता. एकट्या घोडदळास किंवा एकट्या तोफखान्यास तो साधला नसता.

३ फेब्रुवारी १७६० रोजीं औशाजवळ मराठ्यांनीं चौकोनाच्या एका बगलेवर निकराचा हल्ला केला व ती मोडली. निजामानें तह मागितला. सुमारें साठ लक्षांचा मुलूख आणि दौलताबाद, अशीरगड, विजापूर, बऱ्हाणपूर यांसारखीं स्थळें पेशव्यांस मिळालीं.

शह होता, पण मात नव्हती. निजामअली शाबूत राहिला. त्यानें १७६२ त भावास कैदेंत टाकून गादी घेतली, १७६३ त पुणें लुटलें, व त्याच वर्षीं ऑगस्टांत राक्षसभुवनास पराभव पावला. याबद्दल भाऊस दोष देतांना मात्र हात आंखडता घ्यावा लागतो. १० जानेवारीस बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे पडला होता. ती बातमी आल्यावर परतूर येथें मसलत झाली आणि मार्चांत भाऊ उत्तरेस निघाला. दक्षिणेंतील डाव पुरा करण्यास वेळ कुठें होता?

विचार करण्याजोगी गोष्ट पुढें आहे. उदगीरास जो विजय मिळाला, त्याचें श्रेय तोफांस जास्त दिलें गेलें, रसद तोडणाऱ्या घोड्यास कमी. पानिपतावर भाऊनें स्वतःच तोफांच्या आडोशानें छावणी मांडली. आंत बुणगे, बायकामुलें, यात्रेकरू. या वेळीं बाहेर फिरणारा घोडा अब्दालीचा होता, आणि तुटणारी रसद मराठ्यांची. पट तोच, पण बाजू उलटल्या होत्या. १४ जानेवारी १७६१ रोजीं उपाशी फौज गोल बांधून बाहेर पडली. त्या दिवशीं इब्राहिमखानाच्या पलटणींनीं रोहिल्यांची मोठी कत्तल केली. पण डाव सांवरला नाहीं. घायाळ गारदी शत्रूच्या हातीं सांपडला व मारला गेला.