विंचवाचे बिऱ्हाड

दिवाळीच्या अंकात, चकलीचा तुकडा हातात असताना, वाचकांपुढे विंचू आणून ठेवणे कदाचित शिष्टसंमत ठरणार नाही. परंतु विंचवाची आणि दिवाळीची गाठ काही मी माझ्या पदरची घालत नाही. सणापूर्वी जिने माळा झाडला, पडवीतली लाकडे हलवली, कोनाड्यातली गाडगी उतरवली, अशा कोणत्याही गृहिणीला विचारावे. वर्षाकाठी एखादा तरी नांगीवाला पाहुणा त्या वेळी भेटतोच.

आमचे खोडाळे मोखाडा तालुक्यात, डोंगरात वसलेले. पाड्यांवरची जुनी घरे कारवीच्या कुडाची, वरून शेणमातीने लिंपलेली. पावसाळ्यापूर्वी पडवीत लाकूडफाटा रचून ठेवलेला, शेजारी पेंढा. विंचवाने स्वतः नकाशा काढून घर बांधले असते, तरी त्याला याहून निराळे काही सुचले नसते. मी येथे मास्तरकी करतो. पाड्यावरच्या एका म्हाताऱ्या आजीला मी एकदा विचारले, "आजी, इथे विंचू फार येतात का हो?" ती हसून म्हणाली, "गुरुजी, इचू घरात येत नाय. आपनच त्याचा घर बांधून देतो." विंचवावरचे सारे शास्त्र या एका वाक्यात आले आहे, असे मला वाटते.

पृथ्वीवर माणसाच्या कितीतरी आधी हा प्राणी आला. त्याचे सर्वांत जुने अवशेष सुमारे 43 कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. म्हणजे घर कोणाचे, या वादात ज्येष्ठतेचा मुद्दा निघालाच, तर निकाल आपल्या बाजूने लागायचा नाही. दिवसा फटीत, दगडाखाली, सालीआड पडून राहायचे आणि रात्री झुरळे, रातकिडे, कोळी टिपायला निघायचे, हा त्याचा क्रम. अन्नावाचून तो महिनोन् महिने काढू शकतो. मादी पिलांना जिवंत जन्म देते आणि पहिले काही दिवस पाठीवर वाहते. 'विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर' ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली, त्याने ती घरात बसून रचलेली नाही. डोळ्यांनी पाहून केली आहे.

असे पाहणारे लोक आपल्याकडे फार पूर्वीपासून होते. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात विंचवांचे तीस प्रकार सांगून त्यांची मंद, मध्य आणि तीव्र विषाचे अशी वाटणी केलेली आहे. मौज पुढेच आहे. मंद विषाचे विंचू कुजलेल्या शेणातून, मध्यम विषाचे लाकडातून व विटांतून, आणि तीव्र विषाचे कुजलेल्या सापातून उपजतात, असे तेथे म्हटले आहे. शेणातून विंचू उपजत नाही, हे आज शाळेतले पोरही सांगेल. परंतु शेणाचा ढीग, लाकडाची रास, विटांचा ढिगारा ही त्याची हमखास सापडण्याची ठिकाणे, हे निरीक्षण मात्र आजही बिनचूक आहे. पुढे सोळाव्या शतकात एकनाथमहाराजांनी भारुडात काम-क्रोधाला विंचवाचे रूप दिले. घरोघरच्या श्रोत्यांना त्या दंशाची कळ ठाऊक होती, म्हणूनच तो दाखला चटकन पटला असला पाहिजे.

आता उपायांकडे वळू. कोणी उंबऱ्याशी हिंगाचे पाणी शिंपडतो, कोणी निरगुडीचा पाला जाळतो, कोणी कडुनिंबाच्या डहाळ्या टांगतो. या वासांनी विंचू पळतो, याला भक्कम पुरावा नाही. परंतु धुरी घालण्याआधी घरची बाई कोपरा झाडते, अडगळ हलवते. गुण येतो तो त्या झाडण्याचा, आणि नाव होते धुराचे! सारवणाने भिंतीच्या भेगा बुजतात. चुन्याच्या पांढऱ्या भिंतीवर विंचू चटकन नजरेस पडतो. किडे कमी झाले की त्याचे अन्न तुटते. खुराड्यातल्या कोंबड्या तर त्याला टिपून खातात. लाकूडफाटा भिंतीपासून दूर, जमिनीवरून थोडा उचलून रचावा. अंथरूण झटकून घालावे. वहाण उलटी करून आपटावी. अंधारात हात घालू नये. यांतल्या एकाही उपायाला पैसा पडत नाही. लागते ती रोजची मेहनत, आणि ती बहुतेक घरांत बायकाच करतात.

इतके करूनही विंचू चावतोच. मग मांत्रिक, भगत, मंतरलेले पाणी. मंत्राने विंचू उतरतो ही समजूत इतकी टिकली, याचे कारणही साधे आहे. बहुतेक दंशांत नुसती प्राणांतिक कळ असते, आणि काही तासांनी ती आपोआप ओसरते. मंत्र तेवढा वेळ भरून काढतो आणि श्रेय घेऊन जातो. कोकणातला लाल विंचू मात्र निराळा. त्याच्या विषाने शरीरातले मज्जातंतू खवळतात, रक्तवाहिन्या आवळतात, हृदयावर भार येतो आणि फुप्फुसांत पाणी साचते. भगताच्या दारात घालवलेले तास तेव्हा जिवावर बेततात, विशेषतः लहान मुलांच्या.

या मृत्यूंचा छडा मुंबईच्या एखाद्या मोठ्या इस्पितळात नव्हे, तर महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात लागला, याचा मला मास्तर म्हणून फार अभिमान वाटतो. जालना जिल्ह्यातल्या देहेड गावी 1951 साली जन्मलेले डॉ. हिंमतराव बावस्कर 1976 साली तेथे रुजू झाले. रुग्णाच्या उशाशी बसून त्यांनी लक्षणे टिपली. नुसती कळ असलेला रुग्ण बहुधा तरतो. ज्याला ओकाऱ्या होतात, दरदरून घाम सुटतो, ज्याचे हातपाय गार पडतात, तो धोक्यात असतो. ही टिपणे 1982 साली 'लॅन्सेट' या जगन्मान्य नियतकालिकात छापून आली. पुढे आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारे, रक्तदाबावरचे प्राझोसीन हे साधे औषध त्यांनी विंचूदंशावर वापरले. पत्नी डॉ. प्रमोदिनी यांच्यासह लिहिलेला त्याचा वृत्तांत 1986 साली त्याच नियतकालिकात आला. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी शंभरात पंचवीस-तीस दगावत. या औषधानंतर तो आकडा एकाच्या आसपास आला. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत, प्राझोसीनच्या जोडीला विंचवाची प्रतिविषलस दिली तर रुग्ण आणखी लवकर सावरतो, असेही दिसले. 2022 साली सरकारने डॉ. बावस्करांना पद्मश्री दिली.

सुश्रुताच्या काळापासून बिरवाडीपर्यंतच्या या वाटेवर मला एकच गोष्ट दिसते: ज्याने नीट पाहिले, त्याने माणसे वाचवली. तेव्हा घर राखायला केरसुणी आणि सारवण, आणि दंश झालाच तर जखम न कापता, न चोखता, थेट आरोग्य केंद्र. मंत्र म्हणायचाच असेल, तर तो वाटेत गाडीत बसून म्हणावा. त्याला कोणाची हरकत नाही.

यंदाची दिवाळी झडझडीत, लख्ख घरात साजरी होवो. आणि फराळाला बसण्यापूर्वी माळ्यावरचा तो जुना पेटारा एकदा हलवून पाहावा. मात्र हाताने नव्हे, काठीने!