बाळोत्यांचा इतिहास

इतिहासाच्या साधनांत ज्या वस्तूंची नोंद सांपडत नाहीं, त्या नेहमींच क्षुल्लक असतात असें नाहीं. पुष्कळदां त्या इतक्या घरोघरच्या असतात कीं, त्यांची नोंद करावी असें कोणास वाटतच नाहीं. इंदापूर तालुक्याचेंच उदाहरण घ्यावें. प्रिंगल साहेबांची सारापद्धति फसल्यावर गोल्डस्मिड व विंगेट ह्या दोघां अधिकाऱ्यांनीं १८३५-३६ सालीं ह्याच तालुक्यांत नव्या पाहणीस आरंभ केला, आणि मुंबई इलाख्यांतील रयतवारी पद्धतीचा पाया येथें घातला गेला. शेताशेताची प्रत, मातीची खोली, ठरविलेला आकार, सारें कांहीं दफ्तरांत उतरलें. परंतु त्याच शेताच्या बांधावर, बाभळीस टांगलेल्या झोळींत जें मूल निजलें होतें, त्याच्या अंगाखालचें कापड कसलें होतें, तें दिवसांतून कितीदां बदललें जाई, कोणत्या पाण्यानें व कोणाच्या हातानें धुतलें जाई, हें विचारण्याचें त्या अधिकाऱ्यांस कारण नव्हतें.

त्या कापडाचा, म्हणजे आपल्या घरगुती भाषेंतील बाळोत्याचा, थोडा मागोवा येथें घ्यावयाचा आहे. विषय ऐकून कांहीं वाचकांस हसूं येईल. परंतु एकदां वापरून टाकून द्यावयाचे डायपर बारामती-इंदापूरच्या बाजारांतील दुकानांतही टांगलेले दिसूं लागल्यापासून घरोघर एक वाद उत्पन्न झाला आहे. आजी कापडाचा कैवार घेते, सून डायपरचा, आणि घरांतील पुरुष बहुधा ह्या वादापासून दूर राहतात. दोन्ही पक्षांचें म्हणणें नीट समजण्यास मागील वृत्तान्त ठाऊक असणें अवश्य आहे.

आपल्याकडील शास्त्रकारांनीं हा विषय हलका मानला नव्हता. चरकसंहितेच्या शारीरस्थानांत, आठव्या अध्यायांत, बालकाच्या अंथरूण-पांघरुणाचा विचार आला आहे. तीं वस्त्रें मऊ, हलकीं, स्वच्छ व सुगंधी असावींत. घाम, मळ, मूत्र वा पुरीष ह्यांनीं दूषित झालेलीं टाकून द्यावींत. आणि दुसरीं मिळण्यासारखीं नसतील तर तींच उत्तम धुवून, धुरी देऊन, पूर्ण वाळवून वापरावींत, असें तेथें सांगितलें आहे. धुरीसाठीं यव, मोहरी, जवस, हिंग, गुग्गुळ, वेखंड इत्यादि द्रव्यें दिलीं आहेत. ह्या विधानांतील खरी खोंच अशी कीं, टाकून देणें ही संपन्नाची रीत आणि धुवून वापरणें ही इतरेजनांची रीत, हा भेद त्या काळींही ग्रंथकाराच्या दृष्टीपुढें होता. म्हणजे टाकाऊ वस्त्र ही कल्पना केवळ अमेरिकेंतून आलेली नाहीं. नवीन आहे तो तिचा घरोघर झालेला प्रसार.

आपल्या लोकांनीं अर्थातच दुसरी रीत पत्करली, आणि तिला अशा पूर्णतेस नेलें कीं, बाळोत्यास स्वतंत्र किंमतच उरली नाहीं. बाळोतें कोणी विकत आणीत नसे. आजीचें नऊवारी लुगडें अंगावर विरलें म्हणजे त्याचें दुपटें होई, दुपट्याचें बाळोतें, आणि बाळोत्याचें शेवटीं पोतेरें. आजोबांच्या धोतराचे त्रिकोणी तुकडे करून लंगोट शिवीत, किंवा कापडाची पट्टी करदोट्यांत अडकवीत. नवजात बालकास प्रथम जुनेंच वस्त्र घालावें हा संकेत तर सर्वश्रुत आहे. त्यांत श्रद्धा असेल. पण शेंकडों धुण्यांनीं खळ निघून गेलेलें सुती कापड पाणी चटकन् शोषतें व कोवळ्या कातडीस टोंचत नाहीं, हा अनुभवही त्यामागें होता.

मात्र ही सोय सर्वांस सारखी नव्हती. ज्या घरीं स्त्रीस अंगावर एक व वळणीवर एक एवढींच लुगडीं, त्या घरीं बाळोत्यास चिंधी कोठून मिळणार? तेथें मूल उघडेंच असे, आणि ओल्या जागेवर राख टाकून भागवीत. कावसजी दावर यांची मुंबईंतील पहिली कापडगिरणी १८५६ सालीं चालू झाली, आणि १८६० त पुण्याहून भिगवणावरून जाणारा लोहमार्ग सोलापुरास पोहोंचला. गिरणीचें कापड खेड्यांत येऊं लागलें तसें जुनें कापडही घरांत अधिक सांचूं लागलें.

पण कापडापेक्षांही मोठा प्रश्न पाण्याचा. नवजात मूल दिवसाकाठीं दहा-बारा बाळोतीं सहज भिजवितें. तीं रिठ्यानें किंवा साबणानें धुवून, दोनदां खळबळून काढावयाचीं तर दोन-तीन घागरी पाणी हवें. कोंकणांतील बाईस हा हिशेब सुचणार नाहीं. भीमा व नीरा ह्यांमधील ह्या अवर्षणप्रवण पठारावर तो प्रत्येक बाळंतिणीच्या आईस करावा लागे. १८७६-७७ च्या दुष्काळांत नीरेच्या डाव्या कालव्याचें काम दुष्काळी काम म्हणून चाललें, आणि १८८५ च्या सुमारास त्याचें पाणी वाहूं लागलें. कालव्याच्या कांठीं ऊस आला, बागाईत आली, पुढें साखर-कारखाने आले, हें सर्वजण सांगतात. पाटाच्या कडेस दगडावर बाळोतीं आपटणाऱ्या बाईच्या डोक्यावरील घागरी कमी झाल्या, हें मात्र कोणी सांगत नाहीं. उलट सुपें-मोरगांवाकडील जिराईत पट्ट्यांत विहीर आटली कीं धुण्यावरच प्रथम काट बसे. एकाच तालुक्यांत जन्मलेल्या दोन मुलांपैकीं एकास कोरडें कापड मिळे व दुसऱ्यास ओलेंच वाळवून पुन्हां अंगाखालीं येई, ह्याचें कारण आयांच्या मायेंत नव्हतें, कालव्याच्या नकाशांत होतें. १९७२ च्या दुष्काळांत खडी फोडावयास गेलेल्या स्त्रियांचीं तान्हीं मुलें कामाच्या जागींच झोळींत निजत. प्यावयाचें पाणी जेथें मोजून मिळे, तेथें बाळोतें धुणें ही चैन ठरली.

कापड झालें, पाणी झालें. आतां हात कोणाचे? त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गांव-गाडा’ ह्या १९१५ सालच्या ग्रंथांत बलुतेदारीचें जें चित्र आहे, त्यांत परीट आहे. परंतु बाळंतपणाचे दहा दिवस सोयराचे मानलेले. त्या दिवसांतील धुणें बहुधा सुईणीवर किंवा गांवांतील एखाद्या गरीब बाईवर पडे, आणि ती स्त्री बहुतकरून अशा जातींतील असे कीं, जिच्या हातचें पाणी त्याच घरांत चालत नसे. ज्या हातांनीं घरचें मूल स्वच्छ राहिलें, तेच हात विटाळाचे मानले गेले. बाळोत्यांच्या स्तुतीपर बोलतांना ही गोष्ट विसरणें न्यायाचें होणार नाहीं. दहा दिवसांनंतर काम आजीकडे, आत्याकडे, मावशीकडे येई. पहिलें बाळंतपण माहेरीं करण्याच्या चालीचा एक मोठा उपयोग हाच कीं, सवा महिना तरी बाळंतिणीचे हात थंड पाण्यांत जात नसत. कापडाची ही सारी व्यवस्था अशा रीतीनें बायकांच्या बिनमोल श्रमावर उभी होती.

पश्चिमेकडील इतिहास ह्याहून फार निराळा नाहीं. वॉल्टर हंट यानें १८४९ सालीं अमेरिकेंत सेफ्टीपिनीचें पेटंट घेतलें, तेव्हांपासून लंगोटास गांठी मारण्याची यातायात गेली. १९४६ च्या सुमारास मॅरियन डोनोव्हन ह्या बाईनें न्हाणीघराच्या पडद्याचें कापड कापून लंगोटावरचें जलाभेद्य आच्छादन बनविलें. १९६१ त पॅम्पर्स बाजारांत आले, आणि पुढें पाणी शोषून त्याचा गर करणारी रासायनिक पूड आंत घातली जाऊं लागली. ह्या क्रमांत व्यापाऱ्यांचा लोभ आहेच. पण धुण्याच्या ढिगाखालीं दबलेल्या आयांची गरजही आहे.

मग निकाल काय? इंग्लंडच्या पर्यावरण-खात्यानें २००५ व २००८ सालीं ह्या प्रश्नाची छाननी करविली. त्यांतून असें निघालें कीं, कापड आपोआप श्रेष्ठ ठरत नाहीं. तें कसें धुतलें जातें ह्यावर सर्व अवलंबून आहे. यंत्रांत भरपूर कपडे एकदम धुवून, दोरीवर वाळवून, दुसऱ्या मुलासही तेंच वापरल्यास कापडाचें पारडें स्पष्टपणें जड होतें. बारामतीच्या उन्हास वाळविण्याचें यंत्र लागत नाहीं, आणि बाळोतें दुसऱ्याच नव्हे तर चौथ्या मुलासही पुरें पडत आलें आहे. शिवाय बाळोतें उकिरड्यावर गेलें तरी खतांत मिळून शेतांत जाई. डायपर तेथें गेला तर खतच बिघडवितो. २०१६ च्या घनकचरा-नियमांनीं वापरलेले डायपर वेगळे गुंडाळून देण्याचें बंधन घातलें. पण जेथें कचऱ्याची गाडीच पोहोंचत नाहीं, तेथें ते ओढ्यांत व पाटांत जातात. ज्या पाटानें बाळोतीं धुण्याची सोय केली, त्याच पाटांत हे यावे, हा दैवदुर्विलास होय.

एवढ्यावरून कापडाच्या बाजूनें निर्णय देऊन मोकळें व्हावें, असा मोह होतो. परंतु दिवाळीनंतर ह्याच कारखान्यांच्या परिसरांत ऊसतोडीस येणाऱ्या बाईकडे पाहावें. कोपीजवळून कालव्याचें पाणी वाहत असतें. जुनें लुगडेंही तिच्यापाशीं असतें. नसते ती सवड. पहाटेस फडावर जावयाचें आणि अंधार पडल्यावर परतावयाचें, तिला माहेर कोठलें व सवा महिना कोठला? बारामतीच्या कारखान्यांत नोकरी करणाऱ्या, दोन खोल्यांत एकटीनें संसार करणाऱ्या सुनेचीही स्थिति थोड्या फरकानें तीच आहे. तिनें रात्रीपुरता डायपर वापरला तर तिला आळशी म्हणणें हें इतिहासाचें अज्ञान होय.

बाळोत्यास कापड, पाणी, ऊन आणि हात अशा चार गोष्टी लागतात. पहिल्या तीन ह्या भागांत आज पूर्वींपेक्षां सुलभ आहेत. चौथीचीच वाण आहे. पूर्वीं ती उणीव जातीनें व बाईपणानें भरून काढली, आणि तसली भरपाई पुन्हां कोणी मागूं नये. तेव्हां ज्यांना बाळोतें घरांत राहावें असें मनापासून वाटतें, त्यांनीं सुनेस उपदेश करण्यापूर्वीं बादली उचलावी. आणि ‘त्यांनीं’ ह्या शब्दांत बाळाचा बापही येतो, आजोबाही येतात.