तगरच्या गाड्या कोणत्या कायद्याने चालत?

धाराशिव जिल्ह्यातले तेर म्हटले की गोरोबाकाकांची समाधी आणि तेरणेचा काठ आठवतो. इतिहासाच्या अभ्यासकाला आणखी एक गोष्ट आठवते: तिथल्या लामतुरे संग्रहालयातली हस्तिदंती स्त्रीमूर्ती. 1938 साली पॉम्पेईच्या ढिगाऱ्यातून निघालेल्या मूर्तीशी तिचे साम्य अनेकांनी दाखवले आहे. कायद्याच्या विद्यार्थ्याला मात्र तेर आठवण्याचे कारण पडत नाही. आंतरराष्ट्रीय व्यापारी कायद्याचे पदव्युत्तर शिक्षण आता घरबसल्या, लॅपटॉपवर घेता येते. लंडन विद्यापीठ तर दूरस्थ विद्यार्थ्यांच्या परीक्षा एकोणिसाव्या शतकापासून घेत आले आहे. या विषयाची गोष्ट बहुधा मध्ययुगीन युरोपातल्या जत्रांपासून आणि इटलीतल्या बंदरांपासून सांगितली जाते. माझ्या मते ही सुरुवात हजार वर्षांनी उशिराची आहे. एकमेकांना कधीच न भेटणाऱ्या माणसांमध्ये व्यवहार कसा टिकवायचा, हा या कायद्याचा गाभा आणि या प्रश्नाची उत्तरे दख्खनमध्ये इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांतच तयार होती.

पुरावा एका ग्रीक खलाशी-व्यापाऱ्याच्या टिपणापासून सुरू होतो. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातल्या प्रवासपुस्तिकेत भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर हे फार मोठे शहर असल्याचे लिहिले आहे. हे तगर म्हणजे आजचे तेर, हे शिलालेखांचे अभ्यासक फ्लीट यांनी 1901 साली मांडले आणि पुढच्या उत्खननांनी त्याला बळ दिले. तगरहून साधे कापड, तलम मलमल आणि समुद्रकाठच्या प्रदेशातून तिथे जमा होणारा इतर माल गाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला जाई. उलट बाजूने भडोचच्या धक्क्यावर इटलीची दारू, तांबे, कथील, शिसे, पोवळे आणि सोन्याचांदीची नाणी उतरत. नकाशा पाहिला की एक गोष्ट खटकते. तेरला कल्याण बंदर भडोचपेक्षा कितीतरी जवळ. मग माल इतका वळसा घालून का जात होता? उत्तर त्याच पुस्तिकेत आहे. कल्याण पूर्वी रीतसर व्यापारपेठ होती, पण सत्ता बदलल्यावर तिथे आडकाठी आली आणि चुकून आलेल्या ग्रीक जहाजांना पहाऱ्यात भडोचला नेले जाऊ लागले. म्हणजे राजांच्या भांडणात बंदर बंद पडणे, ज्याला आजचा वकील करारातल्या निर्बंधांच्या कलमात बसवतो, ते तगरच्या व्यापाऱ्याने महिनाभराच्या गाडीवाटेने भरून काढले.

या वाटेवरची जोखीम कोण सोसणार आणि किती पैशांत? इथे धर्मशास्त्र आणि अर्थशास्त्र चकित करणारे हिशेबी आहेत. कौटिल्याने दरमहा शेकडा सव्वा ‘पण’ (त्या काळचे नाणे) हे धर्म्य व्याज सांगितले, व्यापारी कर्जाला पाच, जंगलवाटेने जाणाऱ्याला दहा आणि समुद्रावर जाणाऱ्याला वीस. याज्ञवल्क्य स्मृतीतही अरण्य आणि समुद्र यांचे दहा आणि वीस हेच दर आहेत. तेर ते भडोच तीस दिवस धरले, तर शंभरावर कर्ज काढून माल पाठवणाऱ्याला फक्त जाण्याच्या वाटेचे दहा पण मोजावे लागणार. कोणी याला सावकारी म्हणेल. पण दर माणसाच्या गरजेवर ठरत नाही, वाटेच्या धोक्यावर ठरतो. विम्याचा हप्ता व्याजातच मिसळलेला आहे.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे: ही पोथ्यांतली विधाने, प्रत्यक्ष पेढीवर असे चालत होते कशावरून? म्हणून पोथी बाजूला ठेवून दगडाकडे जावे. नाशिकच्या लेण्यांत क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याने कोरवलेला लेख आहे. त्याने तीन हजार कार्षापण नाणी गोवर्धन इथल्या कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यवसायसंघांकडे, कायमची ठेव म्हणून ठेवले: दोन हजार दरमहा शेकडा एक दराने, एक हजार पाऊण दराने. मुद्दल परत मिळायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. दोन हजारांचे वर्षाचे व्याज दोनशे चाळीस होते आणि लेणीतल्या वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापण द्यायचे आहेत. हिशेब पैशापर्यंत जुळतो. पुढे लिहिले आहे की हा व्यवहार निगमसभेत जाहीर केला आणि रिवाजाप्रमाणे दप्तरात नोंदवला. जाहीर वाचन, नोंदणी, ठरलेला दर आणि माणसे मेली तरी टिकणारी संस्था म्हणून ठेव घेणारी श्रेणी, इतके सगळे एका लेखात आहे. जुन्नरच्या लेखांतही बुरूड, कासार, धान्यव्यापारी यांच्या श्रेणी दिसतात. कापडाच्या धंद्याने वाढलेल्या तगरची पेठ या रिवाजाबाहेर होती असे मानायला मला आधार दिसत नाही.

दुसरा आक्षेप अधिक धारदार आहे. तगरच्या कोष्ट्याने ग्रीक माणूस पाहिलाही नसेल. त्याने पैठणच्या व्यापाऱ्याला विकले, त्याने भडोचच्या, भडोचच्याने जहाजवाल्याला. ही देशी व्यवहारांची साखळी, यात आंतरराष्ट्रीय ते काय? पण आजही साखळी अशीच आहे. धाराशिवचा द्राक्षबागायतदार युरोपातल्या दुकानदाराला ओळखत नाही. माल कोणत्या टप्प्यावर कोणाचा झाला आणि नासला तर नुकसान कोणाचे, एवढेच आंतरराष्ट्रीय व्यापारी कायदा ठरवतो. भारत 1980 च्या आंतरराष्ट्रीय मालविक्रीच्या व्हिएन्ना करारात नाही, त्यामुळे कोणत्या देशाचा कायदा लागू आणि लवाद कुठे, हे करारपत्रातच लिहून घेणे अधिक गरजेचे होते. साखळीचे दुसरे टोक कसे होते, याचा एक कागद उरला आहे. व्हिएन्नातच जपलेल्या, 1985 साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या शतकाच्या पपायरसवर केरळच्या मुझिरिस बंदराशी जोडलेला कर्जव्यवहार आहे. माल ईजिप्तच्या लाल समुद्राच्या किनाऱ्यावर उतरल्यावर उंटांवरून नाईलकडे न्यायचा, गोदामात सावकाराच्या शिक्क्याखाली ठेवायचा, अलेक्झांड्रियात चौथाई जकात भरायची. कर्ज थकले तर सावकाराने नोटीस न देता तारण ताब्यात घेऊन विकायचे. पाठीमागे ‘हर्मापोलोन’ जहाजातल्या मालाची किंमत मांडली आहे, सुमारे 70 लाख ड्राक्मा. तो करार अलेक्झांड्रियाच्या रिवाजाने चालला आणि नाशिकची ठेव गोवर्धनच्या. दोन्हीकडे एकच कायदा नव्हता, हे खरेच. पण एकच कायदा असता तर या विषयाची गरजच उरली नसती.

एक फरक मात्र मान्य केला पाहिजे. श्रेणीच्या निवाड्यावर राजाकडे दाद मागता येई आणि परक्या मुलखात मात्र राजाच शेवटचा मालक. याज्ञवल्क्याने सांगितले की भागीदारीतला माणूस परदेशी मेला तर त्याचा माल वारस, बांधव किंवा परतलेले सोबती घेतील. कोणीच नसेल तर राजा. विज्ञानेश्वराने या स्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली ती तेरपासून फार लांब नसलेल्या कल्याणीत, म्हणजे आजच्या बसवकल्याणात. सातशे वर्षांनंतर मुंबईच्या इंग्रज न्यायालयांत वारसाहक्काच्या दाव्यांसाठी तीच टीका उघडली जात होती. भागीदारी आणि परदेशी मेलेल्या व्यापाऱ्याच्या मालाची प्रकरणे मात्र तिथे कोणी फारशी उघडली नाहीत. भागीदारीच्या नियमांची जागा पुढे 1872 च्या करार कायद्याने घेतली.